मुरुमं गेली, मग डाग आणि ब्लॅकहेड्स का जात नाहीत?

कॉलेज संपतं, मुरुमं कमी होतात, पण चेहऱ्यावरचे डाग तसेच. मग रील्स बघून लिंबू, टूथपेस्ट, चारकोल मास्क सगळं लावून होतं. त्याआधी डागावरून हलकेच बोट फिरवून बघा. सपाट लागतं की खड्डा?

सपाट असेल तर सूज उतरल्यावर तिथे जास्तीचं मेलॅनिन राहिलेलं असतं. गव्हाळ, सावळ्या त्वचेवर ते जास्त ठळक दिसतं. बहुतेक डाग काही महिन्यांत फिकट होतात, पण सनस्क्रीनशिवाय उन्हात फिरलात तर रेंगाळतात. खड्ड्याचं तसं नाही. तिथलं कोलॅजनच गेलेलं असतं आणि ते क्रीमने भरून येत नाही, जाहिरात काहीही म्हणो. त्यावर त्वचारोगतज्ज्ञ मायक्रोनीडलिंग, सबसिजन किंवा लेझर करतात, तेही शक्यतो नवी मुरुमं थांबल्यावर. अनेकदा जावं लागतं, खर्चही होतो. खड्डे उथळ होतात, पूर्ण मिटतीलच असं नाही.

ब्लॅकहेड्सचा काळा रंग मळाचा नसतो, त्यामुळे स्क्रबने घासून उपयोग नाही. रंध्रात अडकलेलं तेल आणि मृत पेशी हवा लागून काळ्या पडतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅडापलिनने त्या मोकळ्या होतात, पण ८ ते १२ आठवडे धीर धरावा लागतो. गरोदरपणात अ‍ॅडापलिन टाळतात.

खरा धोका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबचा. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, मुरुमंही परत येतात. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा.