बोल्ट किती आवळायचा?

मंडळी, ‘जोर लावून घट्ट पिळ’ हा आपला जुना मंत्र. गावी विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनला तो चालून जाई. त्याचे हेड जाड बिडाचे. गेल्या उन्हाळ्यात डब्लिनच्या गराजमध्ये मुलाबरोबर जुन्या गाडीचे हेड गॅस्केट बदलताना मी तसाच पिळला. आठवड्यात कूलंट पुन्हा गळू लागले. सगळे परत उघडले.

बोल्ट म्हणजे ताठ स्प्रिंग. तो किंचित ताणला जातो, म्हणून हेड दाबून धरतो. लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के घर्षणातच जातो. आट्यांना तेल लागले, तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणतो. म्हणून आटे साफ ठेवा, तेलाचे मॅन्युअल सांगेल तसेच करा आणि टॉर्क रेंच वापरा. मधल्या बोल्टपासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळा. नाहीतर ॲल्युमिनियमचे हेड वाकते. शेवटी ‘इतके अंश फिरवा’ असे लिहिले असेल, तर ते बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे.

चाकाचे नटही एकाआड एक, चांदणीच्या क्रमाने. कॅमरीला ७६ फूट-पौंड.

दुसऱ्या खेपेला आकडे मुलाने वाचले, मी फक्त पाना धरला. गळती थांबली.