बुडालेल्या समुद्रतळाची साक्ष : एरचच्या दक्षिणेकडील प्राचीन लाव्हा

बेतवा नदीच्या काठी, झाशी जिल्ह्यात असलेले एरच हे गाव प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकांना सर्वस्वी अपरिचित नाही. पाली ग्रंथांतील दशार्ण देशातले एरकच्छ ते हेच, असे सामान्यतः मानले जाते. लोकपरंपरा त्याला हिरण्यकशिपूची राजधानी समजते. येथे मिळालेल्या ब्राह्मी अक्षरांच्या विटा पुरातत्त्वज्ञांच्या परिचयाच्या आहेत. मात्र बुंदेलखंडाच्या ज्या ग्रॅनाइटी पायावर हा प्रदेश उभा आहे, त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षांचे आहे. एरचच्या दक्षिणेस, बबीनापासून मऊरानीपूरकडे जाणाऱ्या पट्ट्यात, या ग्रॅनाइटमध्ये जुन्या लाव्हांचे अवशेष टिकून राहिले आहेत. मऊरानीपूरजवळ उशांच्या राशीसारखा दिसणारा गिरदी लाव्हा आढळतो. असा आकार लाव्हा पाण्याखाली थिजला म्हणजे येतो. हा लाव्हा एका भूपट्टाखाली दुसरा भूपट्ट सरकत असताना निर्माण झाला, असा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला गेला.

या निष्कर्षाचा आधार रासायनिक आहे. जपान, इंडोनेशिया अथवा अंदमानातील बॅरन बेट येथे ज्वालामुखींच्या कमानीखाली समुद्रतळाचा खडक पृथ्वीच्या पोटात उतरत असतो. त्यातील खनिजांत पाणी बांधलेले असते. सुमारे १०० किलोमीटर खोलीच्या आसपास दाब व उष्णता यांमुळे त्यातील बरेचसे पाणी सुटते, वरच्या प्रावरणात शिरते आणि तेथील खडकाचा वितळबिंदू उतरवते. कमानींचे ज्वालामुखी अशा रीतीने पेटतात. पाणी खडक वितळवते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास विलक्षणच वाटते.

हे पाणी रिकाम्या हाताने जात नाही. बेरियम, स्ट्राँशियम, शिसे, सिझियम, बोरॉन ही मूलद्रव्ये ते सहज वाहून नेते. नायोबियम आणि टँटलम मात्र बहुतांशी मागेच राहतात. म्हणून कमानीच्या लाव्हात पहिल्या गटाची विपुलता आणि दुसऱ्याची उणीव एकत्र दिसते. थोरियम पाण्यात फारसे विरघळत नाही, ते मुख्यतः बुडालेल्या गाळाच्या वितळण्यातून येते. त्यामुळे बेरियम व थोरियम यांच्या गुणोत्तरावरून पाण्याचा वाटा किती व गाळाचा किती, याचा अदमास घेता येतो. याहून निर्णायक साक्षीदार म्हणजे बेरिलियम १०. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे हे समस्थानिक समुद्राच्या गाळात साचते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे आहे. १९८० नंतरच्या दशकात ते काही कमानींच्या ताज्या लाव्हात सापडले, तेव्हा नुकताच समुद्रतळावर पडलेला गाळ ज्वालामुखीतून परत वर येतो, हे संशयातीत ठरले.

बुंदेलखंडात हा साक्षीदार उपलब्ध नाही; एवढ्या काळात बेरिलियम १० चा मागमूसही उरणे शक्य नव्हते. बेरियम आणि स्ट्राँशियम यांचीही अडचण आहे. पाण्याबरोबर सहज फिरणे हाच त्यांचा गुण. पण नंतरच्या रूपांतरणात खडकातून जे पाणी खेळले, त्यानेही ती हलवलेली असू शकतात. मूळ संहितेतील पाठ कोणता आणि लेखकूने मागाहून घातलेला कोणता, हे जेथे सांगता येत नाही, तेथे पाठचिकित्सक त्या जागेवर भिस्त ठेवत नाही. भूरसायनज्ञही येथे तेच करतो. तो थोरियम, विरल मृदा धातू आणि नायोबियम या सहसा न हलणाऱ्या मूलद्रव्यांकडे वळतो. पुरावा मग प्रामुख्याने एका उणिवेवर, नायोबियमच्या कमतरतेवर, येऊन ठेपतो.

उणीव हा पुरावा नाजूक असतो. त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या निर्मितीशी बुडणाऱ्या समुद्रतळाचा संबंध जोडला जात नाही. तरीही त्यातील ‘बुशे’ नावाच्या लाव्हासमूहात नायोबियमची तशीच उणीव आढळते, कारण वर येताना त्या लाव्हात खंडीय कवचाचा ग्रॅनाइटी अंश मिसळला. खंडीय कवचात नायोबियम मुळातच कमी असते. केवळ या एका खुणेवर विसंबून कोणी बुशेच्या लाव्हाला कमानीचा लाव्हा म्हटले, तर तो फसेल.

बुंदेलखंडाच्या बाबतीत ही शंका पोकळ नव्हे. मऊरानीपूरच्या परिसरात ३३० कोटी वर्षांच्या आसपासचे पट्टिताश्म आहेत. म्हणजे लाव्हा वर येण्यापूर्वीच तेथे जुने कवच अस्तित्वात होते. मिश्रण घडले असेल तर वाढत्या सिलिकेबरोबर नायोबियमची उणीवही वाढत गेलेली दिसावी, आणि निओडिमियमच्या समस्थानिकांत जुन्या कवचाचा ठसा उमटावा. सिलिका कमी असलेल्या, मॅग्नेशियमने समृद्ध लाव्हातही ती उणीव कायम असेल, तर पाण्याच्या बाजूचे पारडे जड होते. मऊरानीपूरजवळ तसे मॅग्नेशियमयुक्त लाव्हाही आहेत, म्हणूनच तेथील साक्ष गांभीर्याने घेतली जाते. ती ग्राह्य ठरली, तर भूपट्टांचे बुडणे २५० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेले होते, असे या प्रदेशापुरते म्हणता येईल. पृथ्वीवर ते नेमके केव्हा सुरू झाले, याविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत, आणि त्या वादात झाशी जिल्ह्यातील या ओबडधोबड काळ्या दगडांना वजन आहे.