गाडीला १५ वर्षं झाली? री-पासिंगला नेण्याआधी हे करून घ्या

"पंधरा वर्षं झाली ना, आता भंगारातच जाणार!" या एका गैरसमजापायी कितीतरी जण धडधाकट गाडी मिळेल त्या किमतीला विकून टाकतात. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचा नियम ऐकला असेल, तर तो दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पण आरटीओत तपासणी करून ती पुढे ५ वर्षांसाठी वाढवता येते. पुन्हा ५ वर्षांनी पुन्हा तेच. यालाच आपण री-पासिंग म्हणतो.

आमच्या घरच्या २०१० च्या पेट्रोल हॅचबॅकचं पासिंग मी एजंटशिवाय करून आणलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ही गाडीच्या चकाकीची परीक्षा नाही. कागदावरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे का, आणि ती रस्त्यावर सुरक्षित आहे का, एवढंच तिथे बघतात. म्हणून तयारीचा क्रम असा ठेवा: ज्याला आठवडे लागतात ते आधी, जे एका दिवसात होतं ते शेवटी.

तारीख चुकली तर?

आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपवर नोंदणी कधीपर्यंत आहे ते आजच बघा. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरून अर्ज करता येतो. १५ ते २० वर्षांच्या कारला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या कारला ती १०,००० झाली. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय पर्यावरण कर वेगळा.

पण खरा धोका दंडाचा नाही, विम्याचा आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. चोरीला गेलेल्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपलेली होती, आणि विमा कंपनीने दावा नाकारला तो न्यायालयाने योग्य ठरवला. म्हणजे नुसता हप्ता भरून भागत नाही, नोंदणीही चालू हवी.

आधी कागद, मग गॅरेज

बरेच जण उलटं करतात. डेंटिंग-पेंटिंगवर खर्च करतात आणि अडकतात कागदावर. हे तपासा:

- कर्जाचा बोजा: हप्ते कधीच फिटले असतील, पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का? असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवा.
- सीएनजी किट: नंतर बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी लागते, तिचं प्रमाणपत्र शोधून ठेवा.
- रंग: गाडीचा रंग बदलला असेल तर त्याचीही नोंद लागते.
- नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. बुकिंगनंतर ती बसायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात.
- ई-चलन: थकलेलं असेल तर भरून मोकळे व्हा.

पीयूसी: आकडा वाचायला शिका

पीयूसीची पावती आपण न वाचताच डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. पण तिच्यावरून इंजिनची तब्येत कळते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. बीएस-३ ला याच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. मुंबई, पुणे, सोलापूरला बीएस-४ एप्रिल २०१० मध्येच आलं, पण सगळ्या देशाला ते लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये. म्हणून एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात.

कार्बन मोनॉक्साइड जास्त आलं तर इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. आधी एअर फिल्टर बघा, मग ऑक्सिजन सेन्सर. हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. तिथे बहुतेक वेळा स्पार्क प्लग दोषी असतो.

टेस्टला गाडी थंड नेऊ नका. सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून थेट पीयूसी सेंटरवर न्या.

इन्स्पेक्टर काय बघतात?

हे सगळं घरीच, कोणाला तरी मदतीला घेऊन तपासता येतं.

- दिवे: हेडलाइटचे दोन्ही बीम, इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट, नंबर प्लेटचा दिवा. एक जण आत, एक जण मागे. पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या.
- टायर: नक्षीची खोली किमान १.६ मिमी हवी. टायरच्या खाचांत मधेमधे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला.
- ब्रेक: मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली जायला नको. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का बघा.
- काचा: पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काळी फिल्म काढून टाका.
- बाकी: वायपर, हॉर्न, सीट बेल्ट, आरसे. म्युझिकल हॉर्न आणि पुढचा लोखंडी बुल बार घरीच उतरवून ठेवा.

त्या दिवशी

चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने छाप घ्यावा लागतो. तो नंबर गंज-धुळीखाली दडलेला असतो, म्हणून आदल्या दिवशी जागा शोधून कापडाने पुसून ठेवा. गॅरेजवाल्याला विचारलंत तर तो लगेच जागा दाखवेल. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, फी भरल्याची पावती, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घ्या. स्टेपनी, जॅक, प्रथमोपचार पेटी आणि परावर्तक त्रिकोण गाडीत असू द्या.

काही दोष निघालाच तर घाबरू नका. काय कमी आहे ते नीट लिहून घ्या, दुरुस्त करा आणि गाडी पुन्हा दाखवा. म्हणूनच शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दोन महिने हातात असतील तर नापास होण्याचा अर्थ फक्त आणखी एक फेरी एवढाच उरतो.