चढाची वाट वेगळी, उताराची वेगळी
सायकल आणि शहर : लेखांक ६

मागच्या लेखांकात सपाट शहरातला सायकलमार्ग कसा निवडावा ते पाहिले. तिथे हिशेब तसा सरळ असतो : वाहने कमी, त्यांचा वेग कमी, चौक कमी. रस्ता जाताना जसा तसाच येताना. टेकड्यांच्या शहरात नेमके हेच गृहीतक मोडते. घरापासून कचेरीपर्यंतचा एक मार्ग आणि कचेरीपासून घरापर्यंतचा दुसरा, असे तिथे धरून चालावे लागते, आणि दोन्हींना कसोट्याही वेगळ्या लावाव्या लागतात. सायकल चालवणाऱ्यांच्या गप्पांत चढ येतो तो दमछाकीचा विषय म्हणून. सुरक्षिततेशी त्याचा संबंध क्वचितच जोडला जातो. पण चढउतार बदलला की धोक्याची दिशाच बदलते, आणि मार्गाची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

थोडे गणित करू. स्वार सत्तर किलोचा आणि सायकल सामानासह पंधरा किलोची धरली, तर ५ टक्के चढावर (म्हणजे शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची) ताशी १० किलोमीटरचा वेग राखायला नुसत्या चढासाठी सुमारे ११५ वॉट लागतात. रोज कामाला जाणाऱ्या साधारण तब्येतीच्या माणसाला हे झेपते, घाम येतो इतकेच. चढ १० टक्क्यांचा झाला की तेवढ्याच ताकदीत वेग निम्म्यावर, ताशी ५ किलोमीटरवर येतो. या वेगाला सायकल सरळ रेषेत राहत नाही, हँडल डावी-उजवीकडे झोकांड्या खाते. त्याच रस्त्यावर मागून ताशी ४० च्या वेगाने मोटारी येत असतील, तर दोहोंतला फरक ३५ किलोमीटरचा होतो. म्हणजे चढावर धोका पाठीमागून येतो, आणि तोही स्वाराला रुंद जागा हवी असते त्याच क्षणी. म्हणून चढासाठी रस्ता शोधताना पहिली अट ही, की मागून येणारी वाहने मुळात संथ असावीत किंवा नसावीतच. सोसायट्यांच्या मधली गल्ली, शाळेजवळचा रस्ता, लांबचा वळसा, काहीही चालेल. तिथे जागोजागी गतिरोधक असले तरी चढताना ते जाणवतही नाहीत, आणि चौकात थांबावे लागले तर श्वास घ्यायला सवड मिळते.

उतारावर हे सगळे उलटे होते. पायडल न मारता ताशी ३५-४० किलोमीटरचा वेग सहज मिळतो, मागच्या मोटारीशी फरक जवळपास उरत नाही, आणि धोका समोरून व बाजूने येतो : गल्लीतून तोंड काढणारी रिक्षा, उभ्या मोटारीचे अचानक उघडणारे दार, न पाहता रस्ता ओलांडणारा माणूस. सपाटीवर ताशी २० ने जाणारा स्वार, एक सेकंद धोका ओळखून ब्रेक दाबायला धरून, मध्यम जोराच्या ब्रेकने साधारण ११ मीटरांत थांबतो. ८ टक्के उतारावर ताशी ४० ने येणाऱ्याला तेवढ्याच जोराच्या ब्रेकने जवळजवळ ४० मीटर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते आणि वर उतार ब्रेकचा काही जोर खातो. पावसात ओल्या रिमवर रबर धरेपर्यंतचे मीटर यात धरलेले नाहीत. म्हणजे चढायला जी गल्ली उत्तम, तीच उतरायला वाईट. उतरताना हवा रुंद, सरळ, दूरवर दिसणारा मोठा रस्ता, ज्याला बाजूच्या गल्ल्या कमी आहेत आणि ज्याचा उतार ऐन चौकात जाऊन संपत नाही. तिथे कडेला चिकटून न राहता दारांच्या पट्ट्याबाहेर, लेनच्या मधोमध चालवणे अधिक सुरक्षित. वेग सारखाच असल्याने मागच्यांचा खोळंबाही फारसा होत नाही.

याची साक्ष सॅन फ्रान्सिस्को शहर चांगली देते. तिथल्या फिल्बर्ट स्ट्रीटच्या एका तुकड्याचा चढ ३१.५ टक्के आहे. तरीही मार्केट स्ट्रीटच्या बाजूने गोल्डन गेट पार्ककडे जाणारे सायकलस्वार टेकड्यांच्या मधून निघतात ते ‘विगल’ नावाच्या सुमारे एक मैलाच्या नागमोडी वाटेने. ड्युबोस, स्टाइनर, वॉलर, पिअर्स, हेट, स्कॉट अशा रस्त्यांचे एकेक-दोनदोन तुकडे जोडत ती जाते. सरासरी चढ सुमारे ३ टक्के, कुठेही ६ टक्क्यांच्या वर नाही. ही वाट कुणा नियोजकाने कागदावर आखली नव्हती. तिथून पूर्वी एक ओढा वाहत होता, तो शहराच्या पोटात गेला, पण त्याने कोरलेली सखल रेघ राहिली आणि सायकलींनी ती शोधून काढली. इतक्या सौम्य उतारावर दोन्ही दिशांना एकच वाट चालून जाते, हे माझ्या म्हणण्याला अपवाद म्हणून नोंदवले पाहिजे. पण गंमत पुढे आहे. या वाटेचा सर्वात धोक्याचा भाग चढाचा नव्हताच. तो होता शेवटचे तीन ब्लॉक, जिथे सायकलस्वार फेल स्ट्रीटच्या वेगवान एकदिशा वाहतुकीत येत, आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाची रांग सायकलपट्टीवरच उभी राही. २०१३ च्या सुमारास तिथे मोटारी उभ्या करण्याची जागा काढून सुरक्षित पट्टी केली गेली : पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी फेलवर, पूर्वेला येणाऱ्यांसाठी ओक स्ट्रीटवर. जाण्याचा रस्ता एक, येण्याचा दुसरा. ओढ्याने चढ सोडवला, वाहतूक मात्र सोडवली नाही. दोन प्रश्न वेगळे असतात आणि नकाशावर ते वेगळेच तपासावे लागतात.

पाण्याची वाट शोधणे ही युक्ती पुण्यालाही लागू आहे, किंबहुना जास्तच. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यापासून हडपसरकडे जातो. कालव्याला उतार इतका थोडा द्यावा लागतो की डोळ्याला तो सपाटच दिसतो, त्यामुळे त्याच्या कडेची वाट टेकड्यांना आपोआप वळसा घालते. डाव्या कालव्याचे पाणी कधीच थांबले, पण कर्वेनगर-एरंडवण्याकडे ‘कॅनॉल रोड’ हे नाव त्याची रेघ अजून दाखवते. अर्थात सगळीकडे कालवा मदतीला येत नाही. कोथरूड आणि पाषाण यांच्या मध्ये वेताळ टेकडी आडवी आहे. पश्चिमेकडून जायचे तर चांदणी चौकाचा चढ, पूर्वेकडून जायचे तर सेनापती बापट रस्ता. यांतले कोणते बरे हे नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही, कारण चांदणी चौकात महामार्गाची वाहने शहराच्या वाहनांत मिसळतात. शिवाय नकाशातली चढाची आकृती फसवते. एक किलोमीटरला ४० मीटर चढ म्हणजे ४ टक्के, असे ती सांगते. त्यातले शंभर मीटर १२ टक्क्यांचे आहेत हे सरासरीत बुडून जाते. उड्डाणपूल तर बऱ्याचदा उंचीच्या आकड्यांत दिसतच नाही. उड्डाणपूल म्हणजे शहराने स्वतःच्या खर्चाने बांधलेला चढ, तोही जिथे मोटारी वेग वाढवतात तिथे. सायकलने खालून जावे, सिग्नल लागला तरी.

आता आक्षेप. पहिला : वळशाने अंतर वाढते, म्हणजे धोकाही वाढतो. धोका किलोमीटरवर समान पसरलेला असता तर हे बरोबर होते. तो साचतो चौकांत, वळणांवर आणि वेगातल्या फरकात. चार शांत गल्ल्यांचे जादा आठशे मीटर एका वाईट चढाच्या दोनशे मीटरपेक्षा स्वस्त पडतात. पोर्टलंडमध्ये १६४ सायकलस्वारांचे प्रवास जीपीएसने नोंदवून केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की लोक चढ आणि गर्दीची वाहतूक टाळण्यासाठी आपणहून लांबचा रस्ता घेतात, मात्र फार वळणेही त्यांना नको असतात. म्हणजे वळशालाही मर्यादा आहे. दुसरा आक्षेप ई-सायकलचा : मोटर असेल तर चढाची चर्चा कशाला? आपल्याकडे २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या ई-सायकलला नोंदणी लागत नाही, आणि चढावरची झोकांडी ती खरोखरच घालवते. पण उतरताना तीच सायकल बॅटरी-मोटरच्या वजनाने जड असते आणि मोटरचा उपयोग शून्य. ई-सायकलने प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो, उताराचा अर्धा जरा अवघडच होतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शांत गल्ली रात्री नऊला शांत राहत नाही, सुनसान होते. दिवे नाहीत, कुत्री मागे लागतात, आणि एकट्या बाईने तिथून चढावर धापा टाकत जावे हा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तिसरा, रात्रीचा मार्ग ठरवावा लागेल, आणि त्यात एखादा तीव्र तुकडा उजेडातल्या मोठ्या रस्त्याच्या पदपथावरून सायकल हातात धरून चालत काढावा लागेल. त्यात कमीपणा काही नाही.

उरतो महापालिकेचा भाग, आणि तिथे हा विचार पैसे वाचवणारा आहे. टेकडीवरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना सायकलपट्टी द्यायची रुंदी नाही, म्हणून काहीच करता येत नाही, असे सांगितले जाते. सिएटलसारख्या चढउतारांच्या शहराने याचे उत्तर कधीच काढले आहे : पट्टी फक्त चढाच्या बाजूला, उताराच्या बाजूला सायकल मोटारींच्या लेनमध्येच, आणि तसे दाखवणारी खूण रस्त्यावर रंगवलेली. कारण चढावरच्या स्वाराला बाजूला जागा हवी असते आणि उतारावरच्याला लेन. पुण्यात २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला. टेकडीवरच्या रस्त्यांना तो लावताना हेच ध्यानात ठेवावे. दोन्ही बाजूंना एकसारखी पट्टी देणारा रस्ता नकाशात समतोल दिसतो, पण अरुंद चढावर त्या दोन अपुऱ्या पट्ट्यांपेक्षा चढाच्या बाजूची एकच पुरेशी पट्टी जास्त कामाची.

(पुढील लेखांकात : पावसाळा, ब्रेक आणि रस्त्याचा पृष्ठभाग)