चळवळीची शाळा

अन्यायाविरुद्ध आवाज उठवणे कठीण असते. तो आवाज वर्षानुवर्षे टिकवणे त्याहून कठीण असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी हे काम कसे केले, याची माहिती या पाठात दिली आहे.

१ फेब्रुवारी १९६० चा दिवस. अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका मोठ्या दुकानात गेले. त्यांनी काही वस्तू विकत घेतल्या. दुकानाने त्यांचे पैसे घेतले. मग ते दुकानातल्याच उपाहारगृहात बसले व त्यांनी कॉफी मागितली. ती मात्र मिळाली नाही, कारण तेथे बसून खाण्याची परवानगी फक्त गोऱ्या लोकांना होती. दुकान बंद होईपर्यंत चौघेही शांतपणे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. चौथ्या दिवशी त्यांची संख्या तीनशेवर गेली. पुढे अनेक शहरांत अशीच धरणी सुरू झाली.

राग लवकर येतो आणि लवकर ओसरतो. मग ही चळवळ का ओसरली नाही? कारण तिच्यामागे शिक्षण होते.

नॅशव्हिल शहरात जेम्स लॉसन नावाचे तरुण धर्मोपदेशक विद्यार्थ्यांचे वर्ग घेत. १९५३ ते १९५६ या काळात ते आपल्या नागपुरात राहिले होते. हिस्लॉप कॉलेजात काम करताना त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. तोच धडा ते नॅशव्हिलमध्ये शिकवू लागले. वर्गात काही विद्यार्थी सत्याग्रही होत, तर काही जण त्यांना शिव्या देत, धक्के मारत. सत्याग्रहींनी उलट हात उगारायचा नाही, असा नियम होता. हा सराव पुढे खरोखर उपयोगी पडला. धरणे धरताना विद्यार्थ्यांना मारहाण झाली, अटक झाली. त्यांनी दंड न भरता तुरुंग पत्करला. अखेर १० मे १९६० पासून नॅशव्हिलमधील सहा दुकानांची उपाहारगृहे सर्वांसाठी खुली झाली.

त्याआधी एप्रिल महिन्यात विद्यार्थ्यांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली होती. एला बेकर या अनुभवी कार्यकर्तीने त्यांना मार्गदर्शन केले. पण उपाहारगृहात बसायला मिळाले, म्हणून सगळे प्रश्न सुटले नव्हते. कायदे करणाऱ्यांना निवडण्याचा हक्कच अनेक कृष्णवर्णीयांना मिळत नव्हता. मिसिसिपी राज्यात मतदार होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. राज्यघटनेतील एखादे कलम लिहून त्याचा अर्थ सांगावा लागे. उत्तर बरोबर की चूक, हे गोरा अधिकारी ठरवी.

यावर उपाय म्हणजे पुन्हा शाळाच! सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने ही वाट आधीच दाखवली होती. १९५७ साली साउथ कॅरोलायना राज्यातील एका बेटावर, एका दुकानाच्या मागच्या खोलीत, प्रौढांचा रात्रवर्ग सुरू झाला. केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन तेथे शिकवीत. सही करणे, अर्ज भरणे, मनीऑर्डर लिहिणे आणि घटनेतील कलम वाचणे, हे तेथील धडे होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात तरुणांनी मिसिसिपीत सुमारे ४० 'स्वातंत्र्य शाळा' काढल्या. वर्ग चर्चमध्ये भरत, घरांच्या ओसरीवर भरत, झाडाखालीही भरत. दोन हजारांहून अधिक जण तेथे शिकले. आपला इतिहास, नागरिकांचे हक्क, वाचन व लेखन हे विषय होते. मुलांनी स्वतःची वर्तमानपत्रेही काढली. हे काम फार धोक्याचे होते. त्याच उन्हाळ्यात तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला व अनेक चर्च जाळण्यात आली. तरीही शाळा चालू राहिल्या.

ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा झाला. १९६४ साली मिसिसिपीतील कृष्णवर्णीय प्रौढांपैकी शेकडा सुमारे ७ जणांचीच मतदार म्हणून नोंद होती. १९६७ पर्यंत हे प्रमाण शेकडा सुमारे ६० झाले.

भारताच्या संविधानाने साक्षर-निरक्षर असा भेद न करता सर्व प्रौढांना मताचा हक्क दिला. १९८९ पासून अठरा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक मतदार होऊ शकतो. अमेरिकेतील त्या लोकांना ज्यासाठी तुरुंगात जावे लागले, ते आपल्याला एका अर्जाने मिळते. तो अर्ज स्वतः वाचणे, समजून भरणे आणि शेजारच्या आजीला भरून देणे, हेही नागरिकत्वाचे शिक्षणच आहे.

शब्दार्थ
ओसरणे – कमी होणे
धरणे धरणे – मागणीसाठी एका जागी बसून राहणे
पत्करणे – स्वीकारणे
ओसरी – घराचा पुढचा मोकळा भाग
प्रौढ – वयाने मोठी व्यक्ती

स्वाध्याय
१. दुकानाने विद्यार्थ्यांचे पैसे घेतले. पण कॉफी का दिली नाही?
२. लॉसन यांच्या वर्गातील सराव पुढे कसा उपयोगी पडला?
३. मतदार नोंदणीचा अर्ज मिळवा. त्यातील कठीण मराठी शब्द शोधा व त्यांचे अर्थ घरातील मोठ्यांना समजावून सांगा.