द्राक्षमळ्यांतील पाणंद कोणाची?

'टूर डी फ्रान्स' या सायकलशर्यतीच्या ७ जुलै २०२४ रोजीच्या टप्प्यात, शँपेन प्रांतातील त्र्वा शहराभोवती, पांढऱ्या खडीच्या वाटांचे १४ तुकडे होते. १८९६ साली सुरू झालेल्या पॅरिस-तूर शर्यतीनेही २०१८ पासून द्राक्षमळ्यांतील पाणंदींचा अंतर्भाव केला. डांबराचा अभाव हेच आता या वाटांचे आकर्षण ठरले असून हौशी सायकलस्वारही तिकडे वळू लागले आहेत.

या घटनेचे महत्त्व क्रीडेपुरते मर्यादित नाही. फ्रान्समध्ये 'ग्रामीण मार्ग' कम्यूनच्या, म्हणजे ग्रामपालिकेच्या, मालकीचे असले तरी वहिवाट संपलेला मार्ग विकता येतो. तीस वर्षांच्या अखंड ताब्याने तो खाजगीही होऊ शकतो. म्हणूनच २०२२ च्या कायद्याने, अशा मार्गांची मोजदाद हाती घेणाऱ्या कम्यूनला ही मुदत दोन वर्षांपर्यंत थांबवण्याची सवलत दिली. उलटपक्षी, लोकांची ये-जा हाच मार्ग सार्वजनिक असल्याचा पुरावा कायदा मानतो. सायकलीचे चाक त्या अर्थाने लोकांच्या हक्काचे राखणदार होय.

परंतु हक्क राखला म्हणून वाट सुस्थितीत राहत नाही. ओल्या मातीत चाकोऱ्या पडतात. त्यांचा त्रास मळेवाल्याला होतो, आणि लाभ मात्र खाणावळी व निवासगृहांना. ग्रामीण मार्गांची दुरुस्ती कम्यूनवर सामान्यतः बंधनकारक नाही. पाहुण्यांवरील मुक्कामकराचा काही वाटा या वाटांकडे वळवणे, हाच न्याय्य उपाय होय. जी संपत्ती सर्वांची, तिची निगा कोणाचीच नसेल, तर ती फार काळ सर्वांची राहत नाही.