ओरिएंट एक्स्प्रेस : पुस्तकांतील निवाडा आणि पडद्यावरील

खून कोणीं केला हें एकदां कळलें कीं रहस्यकथेचें काम संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असता तर अगाथा ख्रिस्ती यांची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ही १९३४ ची कादंबरी कोणीं दुसऱ्यांदा उघडली नसती. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. १९७४ मध्यें तिच्यावर चित्रपट निघाला; २००१ मध्यें एका अमेरिकन दूरचित्रपटानें सारी कथा आधुनिक काळांत आणून ठेविली; आणि २०१० च्या नाताळांत इंग्लंडमधील आयटीव्ही या वाहिनीनें डेव्हिड सुशे यांचा सुमारें दीड तासाचा दूरचित्रपट दाखविला. उत्तर ठाऊक असलेल्या या कथेवरून प्रेक्षकांत जो मतभेद माजला, त्याचें मूळ पाहण्यासारखें आहे.

ज्यांनीं कादंबरी वाचलेली नाहीं त्यांचा आनंद हिरावून न घेतां कथानक एवढेंच सांगतां येतें. इस्तंबूलहून कॅलेकडे जाणाऱ्या डब्यांत बेल्जियन गुप्तहेर हर्क्युल पॉयरो प्रवास करीत आहे. युगोस्लाव्हियांत गाडी बर्फांत अडकून पडते, आणि सकाळीं रॅचेट नांवाचा श्रीमंत अमेरिकन आपल्या कंपार्टमेंटमध्यें मरून पडलेला आढळतो. अंगावर सुऱ्याचे बारा घाव आहेत. चौकशींत निष्पन्न होतें कीं, रॅचेट म्हणजेच कॅसेट्टी. डेझी आर्मस्ट्राँग या चिमुकल्या मुलीला पळवून, खंडणी उकळून, तिचा जीव घेणारा आणि पुढें पैशाच्या बळावर न्यायालयांतून सुटलेला नराधम. शेवटीं पॉयरो खुनाच्या दोन उपपत्ति मांडतो. त्यांपैकीं पोलिसांना कोणती सांगावयाची, हा प्रश्न उरतो.

कादंबरींत हा प्रश्न पानाभरांत सुटतो. रेल्वे कंपनीचे संचालक बूक आणि डॉक्टर कॉन्स्टंटाइन निवड करतात, पॉयरो आपलें काम संपल्याचें शांतपणें जाहीर करतो, आणि पुस्तक मिटतें. दूरचित्रपटांत हीच निवड पॉयरोच्या जिवावर येते. तेथें तो श्रद्धाळू कॅथॉलिक आहे. कायद्याबाहेर न्याय असूं शकत नाहीं, असें तो संतापून बजावतो. आणि अखेरीस जपमाळ हातांत घट्ट धरून, पाणावलेल्या डोळ्यांनीं, बर्फांतून एकटाच चालूं लागतो. खुनाचें उत्तर मुळांत पुस्तकांतीलच आहे. बदललें आहे तें उत्तर शोधणाऱ्याचें मन.

येथेंच प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एका पक्षाच्या मतें ख्रिस्ती यांची कथा हा बुद्धीचा खेळ आहे. तिच्यांत मिस्किल विनोद आहे, चमत्कारिक स्वभावाच्या साक्षीदारांची गंमत आहे. अशा कथेवर धर्मसंकटाचें ओझें लादण्याचें कारण नव्हतें. दुसरा पक्ष म्हणतो, असला निवाडा करून कोणी शांतपणें जेवावयास बसेल हेंच मुळीं खोटें वाटतें. त्या निवाड्याची किंमत या दूरचित्रपटानें दाखविली.

पहिल्या पक्षाच्या नाराजीला एक सबळ कारण आहे. सुशे १९८९ पासून पॉयरोची भूमिका करीत होते; २०१३ मध्यें मालिका संपली तेव्हां तिचे ७० भाग झालेले होते. म्हणजे २०१० मध्यें प्रेक्षकांचा या पॉयरोशीं २१ वर्षांचा घरोबा होता. आरंभींच्या भागांत कॅप्टन हेस्टिंग्ज, इन्स्पेक्टर जॅप आणि मिस लेमन यांच्या संगतींत तो नीटनेटका, थोडासा गर्विष्ठ, पण खेळकर दिसे. नेहमीं हंसतमुखानें घरीं येणाऱ्या पाहुण्यानें एके दिवशीं आवाज चढविला तर घरचीं माणसें दचकतात. तसेंच येथें झालें.

पुस्तकांत नाहीं तें घुसडलें, हा आक्षेप मात्र तपासून घ्यावा लागतो. दूरचित्रपटाच्या आरंभीं पॉयरोनें खोटेपणा उघडकीस आणल्यावर एक लष्करी अधिकारी स्वतःवर गोळी झाडून घेतो. हें निराधार नव्हे. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणांत, सीरियांतील फ्रेंच सैन्याच्या एका प्रकरणांत एका नामांकित अधिकाऱ्यानें आत्महत्या केल्याचा ओझरता उल्लेख आहे. पटकथाकार स्ट्युअर्ट हारकोर्ट यांनीं तसाच प्रसंग डोळ्यांपुढें उभा केला. याउलट, इस्तंबूलच्या रस्त्यांत व्यभिचाराच्या आरोपावरून जमाव एका स्त्रीला दगडांनीं मारतो, हा प्रसंग पुस्तकांत नाहीं, आणि केमाल पाशांच्या प्रजासत्ताकानें १९२६ मध्येंच युरोपीय धर्तीचे कायदे स्वीकारले होते हें ध्यानांत घेतां इतिहासाशींही तो नीट जुळत नाहीं.

परंतु वादाचें खरें मूळ याहून खोल आहे. १ मार्च १९३२ रोजीं विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचा वीस महिन्यांचा मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी येथील राहत्या घरांतून पळविला गेला. पन्नास हजार डॉलरांची खंडणी दिली गेली. तरी मे महिन्यांत हातीं लागलें तें मुलाचें प्रेतच. पोलिसांच्या संशयानें गांजलेल्या एका मोलकरणीनें आत्महत्या केली. आर्मस्ट्राँग कुटुंबाची कथा ख्रिस्ती यांना या घटनेवरून सुचली. कादंबरी लंडनमध्यें १ जानेवारी १९३४ रोजीं प्रसिद्ध झाली. लिंडबर्ग प्रकरणांत ब्रूनो हाउप्टमान पकडला गेला तो त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत. म्हणजे पहिल्या वाचकांनीं ही कथा वाचली तेव्हां त्या मुलाच्या खुनाबद्दल कोणावरही खटला उभा राहिलेला नव्हता. वर्तमानपत्रांनीं पेटविलेला संताप बरोबर घेऊनच वाचक पुस्तक उघडीत असे. कॅसेट्टीसारख्या मनुष्याविषयीं त्याला निराळें कांहीं पटवून देण्याची लेखिकेला गरज नव्हती.

२०१० च्या प्रेक्षकापाशीं हा संताप नव्हता. शिवाय ब्रिटनमध्यें खुनाबद्दल फांशी देण्याची शिक्षा १९६५ मध्येंच स्थगित झाली होती. माणसाचा जीव घेऊन न्याय होतो, हें तेथील पुष्कळांना आतां गृहीत धरतां येत नव्हतें. १९३४ मध्यें समाधानाचा वाटलेला शेवट ७६ वर्षांनंतर जाब विचारूं लागला. जें वजन पूर्वीं वाचकाच्या मनांत आपोआप होतें, तें आतां पडद्यावर आणणें निर्मात्यांना भाग पडलें, आणि तें त्यांनीं गुप्तहेराच्या खांद्यावर ठेविलें. दगडफेकीच्या प्रसंगासारख्या ठिकाणीं त्यांचा तोल गेला; पण त्यांचा खटाटोप निष्कारण होता असें म्हणतां येणार नाहीं.

१९७४ चा चित्रपट पाहून स्वतः ख्रिस्ती एकंदरींत संतुष्ट होत्या. पॉयरो झालेल्या आल्बर्ट फिनी यांच्या मिशा पुरेशा भव्य नव्हत्या, एवढीच त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. सुशे यांच्या मिशांवरून प्रेक्षकांत भांडण नाहीं. भांडण आहे तें त्या शेवटच्या निवडीवरून. ज्याला त्यांत आपलें मत बनवावयाचें असेल त्यानें दूरचित्रपट पाहून झाल्यावर कादंबरीचें अखेरचें प्रकरण सावकाश वाचावें, आणि आगगाडीच्या त्या डब्यांत आपण असतों तर पोलिसांना कोणती उपपत्ति सांगितली असती, हें स्वतःशींच प्रामाणिकपणें ठरवावें.